मुंबईहून पनवेलच्या शिवारांत : लावणीच्या दिवसांतील एक फेरी

आमच्या संघाच्या सभासदांपैकीं बरेचजण पोटापाण्यासाठीं मुंबईंत राहतात, आणि शेताशीं त्यांची गांठ वर्षांतून दोनदां, म्हणजे शिमग्यास व गणपतीस, पडते. आमची स्वतःची स्थितिही याहून फारशी निराळी नाहीं. शेतकीवर लिहिणारानें लावणीच्या दिवसांत निदान एकदां तरी चिखलांत पाय घालावा, असें आमचे एक वृद्ध सभासद आम्हांस नेहमीं ऐकवीत असत. तो शब्द पाळण्याचा योग २०२५ सालच्या जुलै महिन्यांत, आषाढ वद्यांतल्या एका बुधवारीं आला. घरच्या मंडळीस बरोबर न घेतां आम्ही एकटेच निघालों. चौघे बरोबर असले म्हणजे मनुष्य त्या चौघांशींच बोलत बसतो. एकट्यास बांधावरच्या माणसाशीं बोलल्यावांचून गत्यंतर नसतें. छत्री, धोतराचा जोड, भाकरी व पाण्याची बाटली एवढेंच सामान घेतलें होतें. पादत्राणें रबरी घातलीं, हें मात्र पुढें उपयोगीं पडलें.

वडाळ्यास हार्बरची गाडी धरली. पनवेलपर्यंत ही गाडी १९९८ सालीं सुरू झाली. तत्पूर्वीं पनवेलास जाणें म्हणजे एक तर दिव्यावरून वळसा, नाहीं तर मोटारीनें वाशीच्या पुलावरून प्रवास. त्याही आधींचा काळ घेतला तर मुंबईचा उतारू मचव्यांत बसून खाडीनें पनवेल बंदरास उतरे, व तेथून बैलगाडीनें वा टांग्यानें बोरघाट चढून पुण्यास जाई. घाटांतील गाडीरस्ता १८३० सालीं खुला झाला आणि पनवेलचें भाग्य उघडलें; १८६३ सालीं आगगाडी घाट चढून वर गेली व तेंच भाग्य कर्जत-कल्याणच्या वाटेनें निघून गेलें. ज्या गांवांत १८५२ सालीं नगरपालिका स्थापन झाली, त्यास महानगरपालिका व्हावयास २०१६ साल उजाडावें लागलें, यांत या घसरणीचा व पुढच्या उभारीचा सगळा इतिहास आला.

मानखुर्द सुटल्यावर खाडी लागते. पुलावरून दोन्ही बाजूंस तिवरांची झाडी दिसते, व पलीकडे जेथें एके काळीं मिठागरें व खाऱ्या भाताचीं खाचरें होतीं तेथें आतां इमारतींच्या रांगा आहेत. १९७० सालीं सिडको स्थापन झाल्यावर ठाणें, पनवेल व उरण या भागांतील ९५ गांवांच्या जमिनी नव्या शहराकरितां घेण्याचें ठरलें. त्या जमिनीच्या मोबदल्यावरून १९८४ सालच्या जानेवारींत जासई-दास्तान येथें दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं जें आंदोलन झालें, त्यांत गोळीबार होऊन शेतकरी मृत्युमुखीं पडले. व साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकास परत देण्याची योजना त्याचेंच फळ होय. गाडींत आमच्या शेजारीं बसलेल्या तरुणास हें आम्ही सांगितलें तेव्हां त्यानें कानांतली दोरी काढून नम्रपणें ऐकून घेतलें, व खारघरास उतरून गेला. उलवें गांवची टेकडी सपाट करून व दहा वस्त्या हलवून बांधलेल्या विमानतळाचें काम त्या वेळीं अखेरच्या टप्प्यांत होतें. त्याचें उद्घाटन पुढें ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें.

पनवेल स्टेशनावरून आम्ही पायींच एस. टी. च्या स्थानकाकडे गेलों. पनवेलास पूर्वीं बैलगाड्यांचीं चाकें व साट्या बनविण्याचा मोठा धंदा होता व त्याची ख्याति दूरवर होती. तो आतां राहिलेला नाहीं. १८७२ सालीं येथेंच निघालेला धूतपापेश्वरांचा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना मात्र नांव राखून आहे. धोदाणीची गाडी लागली होती. धोदाणी हें माथेरानच्या पायथ्याचें गांव. तेथून ठाकूर लोक भाजी, दूध व लाकूडफाटा घेऊन डोंगराची चढण चढून माथेरानास जात आले आहेत. गाडींत उतारू थोडे, व खताचीं पोतीं, पत्र्याच्या डब्या व कोंबड्यांची एक टोपली असें सामानच अधिक होतें. वाहकानें आम्हांस न्याहाळून विचारलें, "धबधब्याला काय? आज तिकडं सोडत न्हाईत." आम्ही म्हटलें, भात पाहावयास निघालों आहों. त्यावर तो हंसला व तिकीट फाडून दिलें.

नेरें गांवापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांस नव्या इमारतींचे सांगाडे व जमीनविक्रीचे फलक पाहावयास मिळतात. विमानतळाभोंवतालचा प्रदेश २०१३ सालीं 'नैना' या नांवानें सिडकोच्या नियोजनाखालीं आला. तेथील नगररचना योजनांत मालकाच्या जमिनीपैकीं ४० टक्के जमीन भूखंडाच्या रूपानें त्यास परत मिळते व बाकीची रस्ते, बागा व इतर सोयींकडे जाते. भूखंड विकणारास हा हिशेब कदाचित् परवडेल. पण ज्यास भातच पिकवावयाचें आहे त्यास विकसित भूखंड कोणत्या कामाचा, याचें उत्तर कोणत्याही नकाशांत आढळत नाहीं. नेऱ्याच्या पुढें शांतिवन ही कुष्ठरोगनिवारणाचें काम करणारी संस्था आहे. तेथून पुढें मात्र डोंगर जवळ येतात, प्रबळगडाचा व कलावंतिणीच्या सुळक्याचा आकार ढगांतून मधून मधून डोकावूं लागतो, आणि खाचरें सुरू होतात.

देहरंगच्या अलीकडे एका वाडीपाशीं आम्ही उतरलों. पाऊस रिमझिम होता. गाढी नदीवर देहरंग येथें १९६४ सालीं बांधलेलें धरण पनवेल शहरास पाणी पुरवितें, व पावसाळ्यांत त्याच्या सांडव्याचा आणि आसपासच्या ओढ्यांचा नाद मुंबईकरांस ओढून आणतो. बुडून मृत्यु येण्याचे प्रकार घडूं लागल्यापासून जवळजवळ दर पावसाळ्यांत या बाजूस मज्जावाचा हुकूम निघतो. हुकूम योग्यच आहे. परंतु त्याचा एक परिणाम कचेरींत बसून ध्यानांत येत नाहीं, तो आम्हांस त्या दिवशीं कळला : पुढचा रस्ता अडविला म्हणजे आलेला समुदाय घरीं परतत नाहीं, तर गाड्या तेथेंच लावून बांधाबांधानें ओढ्याकडे उतरतो.

रस्त्याला लागूनच एका शेतांत लावणी चालली होती. घरधनी सत्तरीच्या घरांतील कुणबी गृहस्थ, त्यांचा मुलगा पॉवर टिलरनें चिखलणी करीत होता, व वाडींतल्या पांच ठाकूर बाया ओळीनें वांकून रोपें लावीत होत्या. आम्ही बांधावर उभे राहून राम राम केला. "या, पावणं," म्हाताऱ्यांनीं म्हटलें, "पण बांधाच्या कडेनं चाला, मधून न्हाय." बांध हा वाटेकरितां नसून पाण्याकरितां असतो, हें मुंबईकरास ठाऊक नसतें. लावणीनंतर खाचरांत दोन-तीन बोटें पाणी सांठून राहिलें पाहिजे. ओल्या बांधावर पन्नास पाय पडले कीं तो दबतो, दबल्या जागीं खांड पडते, व पाण्याबरोबर घातलेलें खतही खालच्या शेजाऱ्याच्या खाचरांत जातें. शेजाऱ्याचें भात काळेंशार व आपलें पिवळें, मग त्यावरून भाऊबंदकी.

त्यांचें रोप चांगलें जोमदार होतें. राब भाजला होता काय, असें आम्हीं विचारलें. "थोडा. आतां टाहाळ कोण तोडूं देतो?" असें उत्तर आलें. राबाची चाल कोंकणांत फार जुनी. शेण, पालापाचोळा, गवत व ऐन-किंजळीचा टाहाळ रोपाच्या जागेवर पसरून, वर मातीचा थर देऊन उन्हाळ्यांत जाळावयाचा. त्यामुळें तणाचें बीं मरतें, राख मिळते व रोप सहज उपटून येतें. याच टाहाळावरून ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील रयत आणि जंगलखातें यांच्यांत इतकी तेढ माजली कीं सरकारास १८८५ सालीं फॉरेस्ट कमिशन नेमावें लागलें. आज शास्त्र सांगतें कीं राब जाळण्यानें सेंद्रिय द्रव्य वायां जातें, व त्याऐवजीं गादीवाफ्यावर शेणखत घालून रोप करावें. तें खरें आहे. पण तणाचा उपाय राबाइतका स्वस्त कोणी अद्याप दाखविलेला नाहीं, हेंही आम्ही नमूद करून ठेवतों.

म्हाताऱ्यांचें दुसरें खाचर त्यांनीं चारसूत्री पद्धतीनें लावलें होतें व तें दाखवितांना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतें. दोरीवर खुणा करून २५ व १५ सेंटिमीटर अशा आलटून पालटून अंतरानें चूड लावावयाचे, म्हणजे चार चुडांचा एक चौक तयार होतो. त्याच दिवशीं प्रत्येक चौकाच्या मध्यें युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी हातानें चिखलांत सात ते दहा सेंटिमीटर खोल खोंचावयाची. खत पाण्यावर तरंगत नाहीं, हळूहळू मुळांस मिळतें, व वाहून जाण्याचें भय उणावतें. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला चिखलांत गाडणें व भाताचें तूस-पेंढा जमिनीस परत करणें हीं बाकीचीं सूत्रें. आम्हीं नेरळच्या श्री. चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा पद्धतीची गोष्ट काढली. तींत चिखलणी व लावणी दोन्ही नाहींत. कायम गादीवाफ्यांवर साच्यानें भोकें पाडून बीं टोंकावयाचें व कापणीनंतर मुळें जमिनींतच राहूं द्यावयाचीं. मुलाचे डोळे चमकले, कारण बाया मिळत नाहींत ही त्याची मुख्य अडचण. म्हातारे मात्र म्हणाले, "तणाला औषध मारावं लागतं ना? माझी गुरं त्याच बांधावर चरतात." या शंकेस आमच्यापाशीं तयार उत्तर नव्हतें.

साडेदहाच्या सुमारास रस्त्याकडच्या खाचरांत एक बाई एकदम ओरडून खालीं बसली. तिच्या तळपायांत कांचेचा तुकडा शिरला होता, चांगला दोन बोटें लांब, हिरव्या बाटलीचा. चिखलाच्या पाण्यावर रक्त पसरलें. ती ओरडली ती एकदांच; नंतर दांत आवळून स्वतःच तुकडा ओढून काढला व पदर बांधूं लागली. बाकीच्या बाया थांबल्या नाहींत असें नव्हे, पण आश्चर्य कोणासही वाटलें नाहीं. दोन दिवसांपूर्वीं मुलाच्याच पायास लागलें होतें. मागच्या रविवारीं तेथें सायंकाळपर्यंत गर्दी होती, व गटारी अमावास्या अद्याप आठवड्यावर होती.

आमच्या पायांत रबरी पादत्राणें होतीं व लावणी करणारणीचे पाय उघडे होते. बूट घालून चिखलांत लावणी होत नाहीं. पाय रुततो तो निघत नाहीं, व रोप कोठें पडलें तें तळव्यासच कळतें. म्हाताऱ्यांनीं हळद आणावयास सांगितलें. आम्हीं म्हटलें, जखम खोल आहे, धनुर्वाताची सुई टोंचली पाहिजे. बाई उठावयास तयार होईना. "दादा, आजचा रोज जाईल माझा," एवढेंच ती म्हणे. रोज पांचशें रुपये व दुपारचें जेवण होतें. शेवटीं रोज भरून देण्याचें म्हाताऱ्यांनीं कबूल केलें, रिक्षाचें आम्हीं पत्करलें, व मुलानें टिलर बंद करून रिक्षा बोलाविली. आमचा धबधबा असाही बंदच होता. आतां प्रबळमाचीकडे जाण्याचा बेतही राहिला.

दवाखान्यांत तासभर बसावें लागलें. चार टांके पडले. वाटेंत ती आमच्याशीं मोकळेपणानें बोलूं लागली. दिवाळीनंतर तिचा नवरा वीटभट्टीवर जातो, ती वाडींत राहून भाजी विकते, मुलगी आश्रमशाळेंत आठवींत आहे. पायास आठ दिवस पाणी लावूं नये असें डॉक्टरांनीं सांगितलें, तेव्हां तिनें आमच्याकडे पाहून विचारलें, "लावणी तरी आठ दिवसच उरली ना?" लावणीचे पंधरा-वीस दिवस हीच तिची पावसाळ्यांतील रोख कमाई, व त्यांतले आठ त्या हिरव्या तुकड्यानें खाल्ले.

परत आलों तों दोन वाजले होते. म्हाताऱ्यांच्या पडवींत जेवण झालें : तांदळाची भाकरी, वालाचें बिरडें, सुकटीची चटणी. आमची शिदोरी आम्हीं पुढें केली ती पोरांनीं कौतुकानें खाल्ली. पैसे घेण्याची गोष्ट काढतांच घरची म्हातारी रागावली, तेव्हां तो विषय सोडला. जेवतांना मुलानें आपला विचार सांगितला. रस्त्याकडचें तें खाचर सात गुंठ्यांचें. चांगलें पिकलें तर अडीच क्विंटल भात. त्या हंगामाचा सरकारी आधारभूत भाव क्विंटलला २,३६९ रुपये, म्हणजे सारे मिळून सहा हजारांच्या आंत. लावणीच्या बाया, टिलरचें तेल व खत वजा जातां हातीं राहतात तीनेक हजार व पेंढा. उलट तेथें मुरूम टाकून गाड्या लावावयास जागा दिली, तर रविवारीं चाळीस मोटारसायकली, गाडीमागें तीस रुपये, आठ रविवार : ९,६०० रुपये. शिवाय कोणाचा पाय कापणार नाहीं. हा हिशेब आम्हीं दोनदां करून पाहिला व त्यांत चूक सांपडली नाहीं.

म्हातारे बोलले नाहींत. पुष्कळ वेळानें म्हणाले, "मुरूम टाकला कीं परत खाचर व्हत न्हाय." भाताचें खाचर म्हणजे नुसती जमीन नव्हे. वर्षानुवर्षें चिखलणी करून तळाशीं जो घट्ट थर बसतो तोच पाणी धरून ठेवतो. तो मोडला कीं पाणी पाझरून जातें व पुन्हां बसावयास कित्येक पावसाळे लागतात. शिवाय वरच्या तीन खाचरांचें पाणी याच खाचरांतून उतरतें. तें बुजलें तर वरच्यांत तुंबेल व खालच्यांस मिळणार नाहीं. मुलानें गाड्यांचा हिशेब केला होता, पाण्याचा केला नव्हता.

शहरच्या माणसानें रानांत येऊंच नये, असें म्हणणारांपैकीं आम्ही नाहीं. गिरणींत व कचेरींत कोंडलेल्या माणसास एक दिवस हिरवें पाहावेंसें वाटणें ही कांहीं चैन नव्हे. इंग्लंडांत १९३२ सालीं मँचेस्टरकडील कामकरी लोक बंदी मोडून किंडर स्काउटच्या माळावर चढले व कांहींनीं त्यासाठीं तुरुंगवास सोसला. पुढें १९४९ सालीं खुल्या माळरानांत प्रवेशाची तरतूद करणारा कायदा झाला. पण त्यापाठोपाठ १९५१ सालीं रानांत कसें वागावें याची नियमावलीही निघाली : पायवाट सोडूं नये, फाटक उघडल्यास लावून घ्यावें, कचरा परत न्यावा. आमच्याकडे हक्काआधींच मोटारसायकल आली, व नियमांचा पत्ता नाहीं. महाराष्ट्र सरकारनें २०२० सालीं कृषिपर्यटनाचें धोरण जाहीर केलें असून किमान एक एकर जमीन असलेल्या शेतकऱ्यास नोंदणी करून एका दिवसाच्या सहलींचें केंद्र चालवितां येतें. भडसावळ्यांनीं नेरळास सगुणा बागेंत हें कितीतरी आधीं करून दाखविलें. मात्र पाहुण्यांकरितां जेवण रांधावयास घरांत माणसें लागतात, न्हाणीघर व पाणी लागतें. आणि लावणीच्या ऐन आठवड्यांत, जेव्हां पाहुणे येतात, तेव्हांच घरांत कोणी रिकामें नसतें. आम्हांस असें वाटतें कीं एकेकट्यानें हें करण्यापेक्षां वाडीनें मिळून रस्त्यालगतच्या पडीक वरकस तुकड्यावर गाड्यांची सोय करावी, तेथेंच बाटल्या काढून घ्याव्यात, व येणारा पैसा बांधदुरुस्तीस लावावा. ही सूचना आम्हीं पडवींत मांडली. "पडीक तुकडा सामाईक आहे, बारा नांवं हैत उताऱ्यावर," असें मुलानें सांगितलें. बारापैकीं पांच मुंबईंत, म्हणजे आमच्यासारखेच.

चार वाजतां परतीची एस. टी. आली. बाई वाडीच्या तोंडाशीं पाय वर करून बसली होती. तिनें मुलीकरवीं फोडशीच्या दोन जुड्या पाठविल्या. आम्हीं दोनशें रुपये दिले ते तिनें घेतले, पण भाजीचे वीस म्हणून एकदां, व बाकीचे उसने म्हणून, असें मोजून घेतले.

खाडीकडच्या बाजूस जाऊन पनवेलचें खार जमीन संशोधन केंद्र पाहण्याचें मनांत होतें, तें वेळेअभावीं राहिलें. दापोलीच्या कृषि विद्यापीठाच्या या केंद्रानें खाऱ्या जमिनींत तग धरणाऱ्या पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ या भाताच्या जाती काढल्या आहेत. उघाडी मोडून भरतीचें पाणी शिरलेल्या खाचरांच्या मालकांनीं त्यांची चौकशी अवश्य करावी. त्यावर स्वतंत्र लिहूं.

नोव्हेंबरांत त्या मुलाचा फोन आला. गटारीच्या दुसऱ्या दिवशीं बापलेकांनीं रस्त्याकडचें खाचर ओळीओळींतून हातानें चाचपून अर्धी गोणी कांच काढली होती. सात गुंठ्यांत दोन क्विंटल दहा किलो भात झालें. एका कोपऱ्यांतला बांध फुटल्यामुळें तेवढें कमी. मुरूम अद्याप टाकलेला नव्हता. बाईचा पाय बरा होता व ती कापणीस आली होती, आणि एकशें ऐंशी रुपये म्हाताऱ्यांपाशीं ठेवून गेली होती, मुंबईच्या पाहुण्यांचे म्हणून. पुढच्या हंगामास कर्जत-३ चें बियाणें संघाकडून पंधरा किलो मिळेल काय, असें त्यानें विचारलें. आम्हीं नांव नोंदवून घेतलें आहे.